बोंबील भाकरी उचलून मोरीत का नेतो?

बोईसरहून बोलतेय. रात्रीचे साडेदहा वाजलेत, बाहेर पाऊस लागलाय, आणि मागे तुम्हाला जो टकटक आवाज येतोय ना, ते कुणी दार वाजवत नाहीये. आमच्या बोंबलाची नखं आहेत ती, फरशीवर. दादाची दुसरी शिफ्ट सुटायला अजून अर्धा तास आहे, पण साहेबांच्या येरझाऱ्या आत्तापासूनच सुरू झाल्यात.

बोंबील म्हणजे आमचा कुत्रा. सातपाटीचा आहे म्हणून बोंबील, आणि आला तेव्हा तेवढाच बारीक नि लिबलिबीत होता म्हणूनही बोंबील.

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हटलं होतं की आमचा कुत्रा भाकरी ताटात खात नाही, उचलून मोरीत नेतो. बस्स, त्यावर व्हॉइस नोटचा पाऊसच पडला. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत सगळ्यांचे कुत्रे जेवताना काही ना काही करतातच म्हणे. कुणाचा भरवल्याशिवाय खात नाही. कुणाचा ताटलीवर पायपुसणं ओढतो. कुणाचा अर्ध्या मिनिटात सगळं फस्त करून मालकाच्या ताटाकडे असं बघतो, जणू चार दिवसांचा उपाशी आहे. आणि जवळजवळ प्रत्येक नोटच्या शेवटी तेच वाक्य: "लाडावलाय, दुसरं काय!"

मला या 'लाडावलाय'चा थोडा रागच आहे. एकदा 'नखरे' म्हटलं की विषय संपतो, मग कुणी पुढे बघतच नाही. आणि आमच्या घरात तर बोंबलाला त्याच्या याच जेवणाच्या तऱ्हेवरून घराबाहेर काढायची वेळ आली होती. ते सांगणारच आहे, पण आधी मोरीचं बोलू.

तर मोरी. आमच्याकडे तांदळाची भाकरी होते. तुकडे करून ताटलीत घातली की हा पठ्ठ्या एक मोठा तुकडा तोंडात धरतो, स्वयंपाकघर ओलांडतो, मोरीच्या कोपऱ्यात जातो, भिंतीला पाठ लावतो आणि तिथे खातो. मग परत येऊन दुसरा तुकडा. पाच तुकडे, पाच फेऱ्या. आई म्हणते, ह्याला स्टेप्स मोजायचं घड्याळ बांधा.

ही गोष्ट आजची नाही हं. संत नामदेवांची गोष्ट आठवतेय ना? कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आपण लहानपणापासून ही गोष्ट नामदेवांसाठी ऐकतो. मी मात्र हल्ली त्यातल्या कुत्र्याकडे बघते. तो कुत्रा भाकरी जागेवर खात नाही. आधी पळतो, लांब जातो. त्या काळच्या लोकांनीही कुत्र्याची ही सवय बघितलेली होती, म्हणून तर गोष्टीत ती इतकी सहज येते.

कारण साधं आहे. जिथे चारजण मिळून एका गोष्टीवर तुटून पडतात, तिथे तुकडा घेऊन बाजूला जाणारा शहाणा. रस्त्यावरच्या पिल्लांना हे कुणी शिकवावं लागत नाही. बोंबील सातपाटीच्या बंदरावरचा. तिथे त्याच्या आईची पाच पिल्लं, शिवाय दुसऱ्या टोळ्या, मांजरी, कावळे, बगळे. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं बरीचशी हिवाळ्यात जन्मतात. तेव्हा बंदरावर चंगळ असते. बोटी येत असतात, बोंबील वाळत घातलेले असतात, पडलंझडलं मिळत राहतं. पण ही पिल्लं आईचं दूध सुटून स्वतःचं पोट स्वतः भरायला लागतात, तोवर उजाडतो जून. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर, जाळी घरात, बंदर सुनसान. बोंबील आमच्याकडे आला तो जुलैत, पाच-सहा महिन्यांचा असताना. म्हणजे स्वतःच्या हिमतीवर जगायचे त्याचे पहिलेच दोन महिने नेमके बंदीचे. माझा आपला अंदाज आहे, पण ज्याला त्या वयात प्रत्येक घास उचलून पळावं लागलं, तो आज पंखा चालू असलेल्या फ्लॅटमध्येही पळणार. पोट भरलंय हे त्याला कळतं. उद्याही भरेल याची खात्री पटायला वेळ लागतो.

काहींच्या बाबतीत कारण ताटलीतच असतं. स्टीलची ताटली गुळगुळीत फरशीवर सरकते, गळ्यातला बिल्ला तिच्यावर टणटण वाजतो, आत स्वतःचं तोंड हलताना दिसतं. खाली जुनं पोतं किंवा रबरी मॅट घालून बघा, आणि ताटली भिंतीच्या कोपऱ्याशी ठेवा, म्हणजे मागून कुणी येणार नाही. आम्ही हे केल्यावर बोंबलाच्या फेऱ्या पाचाच्या दोनावर आल्या. उरलेल्या दोन चालू आहेत. असू देत, मोरी धुवायला सोपी आहे.

हो, एक राहिलंच. नामदेवांची भूतदया घ्या, धावणं घेऊ नका. तोंडात काही धरलेल्या कुत्र्यामागे आपण धावलो की तो घाईघाईनं गिळतो. चप्पल असो, हाड असो.

पायपुसणं ओढणाऱ्याचंही तसंच. नाकानं ताटलीभोवती ढकलत राहणं, वर्तमानपत्र ओढून झाकणं, हे उरलेलं खाणं पुरायचं काम आहे. माती नाही मिळाली तर पायपुसणं. त्याला आत्ता भूक नाही, एवढाच त्याचा अर्थ. अर्ध्या तासानं ताटली उचला, पुढच्या वेळेला थोडं कमी घाला.

आता वासाकडे येते, कारण निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे. "भात ठेवतो आणि नुसती आमटी चाटतो." "काल खाल्लं तेच आज खात नाही." आपल्या जिभेवर रुचिकलिका साधारण 9000 असतात, कुत्र्याच्या जिभेवर 1700 च्या आसपास. चवीत तो आपल्या मागे. पण नाकात? आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाख, आणि त्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. म्हणजे तो जेवतो ते आधी नाकानं. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या भारतीय कुत्र्यांचा अभ्यास करतो. परदेशी जातींचा नाही हं, आपल्या गल्लीतल्यांचा. त्यांनी कुत्र्यांपुढे वेगवेगळं खाणं ठेवून बघितलं, तर कुत्र्यांचा नियम अगदी सरळ निघाला: मांसाचा वास ज्याला जास्त, ते आधी. त्यात खरोखर पोषण किती, हा हिशोब नंतरचा. आमटी चाटून भात ठेवणारा तुमचा मोती हाच नियम पाळतोय.

आणि आपण राहतो कुठे? बोईसर-तारापूरला. रात्री एमआयडीसीकडून वारा फिरला की आपल्यालाच नाक मुठीत धरावं लागतं. कुत्र्याचं काय होत असेल, विचार करा. अशा रात्री बोंबील हमखास कमी खातो, हे मी आता दोन वर्षं बघतेय. ही काही शास्त्रीय नोंद नाही, माझं निरीक्षण आहे. पण भांड्याच्या साबणाचं मात्र तुम्ही स्वतः करून बघू शकता. लिंबाच्या वासाचा साबण लावून घाईत विसळलेली ताटली ठेवा, आणि नुसत्या गरम पाण्यानं नीट धुतलेली ठेवा. आमच्याकडे पहिल्या ताटलीला नाक लावून तो शिंकतो. तसंच फ्रीजमधलं गार खाणं. गार खाण्याचा वास उठत नाही. कोमट करा, निम्मे 'नखरे' तिथेच संपतील.

भाकरीवरून आठवलं. हल्ली रील्समध्ये एक दादा सारखे दिसतात, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त कच्चं मांस द्या, भात-भाकरी म्हणजे विष. वहिनीनं मला ते तीनदा पाठवलं. तर ऐका. 2013 साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांचं काम छापून आलं. पिष्ट पचवायला लागणारं अमायलेज बनवणारं एक जनुक आहे. लांडग्यात त्याच्या प्रती 2 असतात, कुत्र्यांमध्ये 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर, शेतावर, दारात राहून कुत्र्याचं पोटच बदललं. हस्कीसारख्या बर्फातल्या जातींमध्ये या प्रती कमी सापडतात, कारण तिकडे भात-भाकरी पिकतच नव्हती. म्हणजे आपल्या आज्या शेवटची भाकरी दारातल्या कुत्र्याला घालायच्या, त्यात काही वावगं नव्हतं. मात्र नुसत्या भाकरीवर कुत्रा ठेवणं हेही बरोबर नाही. सोबत अंडं, उकडलेली कोंबडी, काटे काढलेला मासा, असं काहीतरी हवंच.

आणि इथे आपल्या पालघरवाल्यांसाठी खास दोन गोष्टी. एक, सुकं. सुक्या बोंबलाचा, सुकटीचा वास म्हणजे कुत्र्यासाठी स्वर्ग, पण खारवलेल्या सुक्यात मीठ भयंकर असतं. आमच्या बोंबलाला बोंबील मिळत नाही, हा मोठाच अन्याय आहे, पण इलाज नाही. दोन, कालवणाचा उरलेला रस्सा. आपलं कालवण कांदा-लसणाशिवाय होत नाही, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. एका दिवसात काही दिसणार नाही, रोज थोडं थोडं गेलं तरी त्रास होतो. म्हणून त्याचा वाटा मसाला टाकायच्या आधी काढायचा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका नाहीतच. चिकू खाल्ला तर चालतो, बी काढून. डहाणूकरांनी हा मेसेज आणखी कुणाला विचारू नये.

भराभर गिळणाऱ्यांचं थोडक्यात. लॅब्रेडॉर असेल तर त्याला दोष देऊ नका. 2016 साली केंब्रिजच्या गटानं दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. त्याला खरोखरच सारखी भूक लागते. खाणं मोठ्या परातीत पसरून द्या, म्हणजे वेचून खायला वेळ लागेल. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असे खोल छातीचे मोठे कुत्रे असतील तर दिवसाचं सगळं एकदम देऊ नका, आणि जेवल्या जेवल्या पळवू नका. पोट फुगलंय, ओकायचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, असं दिसलं तर रात्र असो की पहाट, डॉक्टरकडे न्या. त्यात थांबायला वेळ नसतो.

बरं, आता शिफ्ट. हा प्रश्न मुंबईच्या पॉडकास्टवर कुणी घेणार नाही, म्हणून मीच घेते. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली, आणि आपल्या इथलं अख्खं घर शिफ्टवर चालायला लागलं. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. नवरा झोपलेला असताना मुलांची शाळा, मुलं झोपलेली असताना नवऱ्याचं जेवण. या सगळ्यात कुत्रा कधी जेवतो?

आमचा दादा आला की जेवतो. वहिनीनं संध्याकाळी घातलेलं तसंच पडून. दादाच्या कंपनीची बस नाक्यावर थांबली, की हा उठतो. बस अजून दिसतही नसते. दादा आत येतो, बूट काढतो, हा त्याचे बूट हुंगतो, पँटचा पाय हुंगतो, आणि मग जाऊन ताटलीत तोंड घालतो. पहिल्या शिफ्टला दुपारी साडेतीनला, दुसऱ्या शिफ्टला रात्री साडेअकराला, तिसऱ्या शिफ्टला सकाळी पावणेआठला. दर आठवड्याला घड्याळ बदलतं.

सगळे म्हणतात, किती प्रेम! प्रेम आहेच. पण आणखीही काही आहे. पावलोव्हचं नाव शाळेत ऐकलंय ना, त्या रशियन शास्त्रज्ञाला 1904 साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. त्याच्या लक्षात आलं होतं की खाणं तोंडात पडायच्या आधीच, खाणं आणणाऱ्या माणसाच्या चाहुलीनंच कुत्र्याची लाळ सुटते. आमच्याकडे दादा म्हणजे ती चाहूल. शिवाय कुत्रा हा टोळीत खाणारा प्राणी. टोळीतलं एक माणूस बाहेर असेल तर काहींच्या घशाखाली घास उतरत नाही. एकटं ठेवल्यावर अजिबात न खाणं, दार ओरबाडणं, सतत भुंकणं, हे सगळं मिळून दिसत असेल तर ती घाबरगुंडी आहे. तिथे डॉक्टरशी बोलावं लागतं.

बोंबलाचं तेवढं नव्हतं. तो फक्त दर आठवड्याला नवीन वेळ शिकत होता, आणि शिकून होईपर्यंत आठवडा संपत होता. पिवळं पाणी ओकायचा, रिकाम्या पोटी खूप वेळ राहिल्यानं. मग आम्ही जेवणाची वेळ दादापासून सोडवली. सकाळी आठ, रात्री आठ, देणार वहिनी किंवा मी, आणि देणारी तिथेच ओट्यापाशी काहीतरी करत उभी राहणार. वीस मिनिटांनी ताटली उचलायची. पहिले दोन दिवस त्यानं फक्त वास घेतला. तिसऱ्या दिवशी निम्मं खाल्लं. दहा-बारा दिवसांत वेळ बसली. आता रात्री दादा आला की त्याला बिस्किटाचा एक तुकडा मिळतो, तेवढा त्यांचा दोघांचा. आत्ताच्या येरझाऱ्या त्या तुकड्यासाठीच आहेत.

यातून आम्हाला एक फायदा झाला, त्याची किंमत पुढच्या पावसाळ्यात कळली. वेळ ठरलेली असली की न खाणं लगेच दिसतं. एका सकाळी त्यानं ताटलीकडे बघितलंही नाही. संध्याकाळी आईनं मुद्दाम सुक्या जवळ्याची कागदी पुडी त्याच्या जवळ वाजवली. एरवी त्या आवाजाला हा झोपेतून उडतो. त्या दिवशी कान हलला, बाकी काही नाही. आई म्हणाली, "हे नखरे नाहीत. ह्याला काहीतरी झालंय." दुसऱ्या दिवशी पहिल्या लोकलनं नाही, रिक्षानं पालघर गाठलं. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, फिकट होत्या. रक्त तपासलं. गोचीडताप. तीन-चार आठवडे गोळ्या चालल्या, बरा झाला.

म्हणून मी प्रत्येकाला हेच विचारते: ही सवय आहे की बदल आहे? वर्षभर मोरीत नेऊन खाणारा कुत्रा आजही मोरीत नेतोय, तर मजेत बघा. पण रोज तुटून पडणारा आज हुंगून परत गेला, एका बाजूनंच चावतोय, घास तोंडातून पडतोय, पाणी अचानक दुप्पट पितोय, तर तो काहीतरी सांगतोय. मोठ्या कुत्र्यानं एक वेळ सोडली तर वाट बघा. पूर्ण दिवस सोडला, किंवा सोबत ताप, उलट्या, सुस्ती असेल तर दवाखाना. पिल्लू असेल तर दिवसभरही थांबू नका. गवत खाणं तेवढं यातून वगळा, बहुतेक कुत्रे अगदी ठणठणीत असतानाही गवत खातात. फक्त फवारणी झालेलं नको. आणि घरातली पॅरासिटामॉल, अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

आता ती गोष्ट.

गटारीचा दिवस होता. शेजारून मटणाचं हाड आलं, चांगलं मांस लागलेलं. बोंबील ते घेऊन नेहमीसारखा मोरीत गेला. माझी पुतणी पाच वर्षांची. ती हात धुवायला मोरीकडे गेली. आणि बोंबील गुरगुरला. साधं नाही. मान खाली, हाडावर अंग घट्ट, ओठ वर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. तो चावला नाही, पुढेही आला नाही. पुतणी किंचाळली, वहिनी धावली, दादानं कोपऱ्यातला झाडू उचलला. आई मध्ये उभी राहिली.

त्या रात्री घरात जे झालं ते मी पूर्ण सांगणार नाही. वहिनीचं म्हणणं एकच होतं, माझ्या मुलीवर दात दाखवलेत, हा उद्या चावेल. आणि तिचं काय चुकीचं होतं? आई म्हणून ती तेच म्हणणार. शेजारी म्हणाले, मनोरच्या बाजूला हायवेवर सोडून या, परत यायचा नाही. कुणी म्हणालं, सातपाटीलाच सोडा, जिथला तिथे. दादा गप्प बसला होता. त्याच्या त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटली.

मी आयसरच्याच त्या गटाचं आणखी एक काम वाचलेलं होतं, ते मी वहिनीला सांगितलं. त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्या आणि त्यांची पिल्लं यांच्यापुढे खाणं ठेवून बघितलं. बिस्किटासारखं हलकं खाणं असेल तर आई पिल्लांना खाऊ देते. मांस पुढे आलं की तीच आई स्वतःच्या पोटच्या पिल्लांशी भांडते. स्वतःच्या पिल्लांशी! म्हणजे बोंबलाचं पुतणीशी वैर नव्हतं. भाकरीच्या ताटलीपाशी ती शंभर वेळा जाऊन आली होती, तेव्हा त्यानं मान वर केली नव्हती. गोष्ट हाडाची होती.

वहिनी म्हणाली, "कारण काहीही असू दे, माझी पोर पाच वर्षांची आहे." बरोबर. म्हणून आम्ही कारणावर थांबलो नाही.

पहिली गोष्ट, झाडू बंद. गुरगुरणं ही सूचना आहे, 'लांब राहा' एवढंच. मार देऊन कुत्र्याचं गुरगुरणं बंद करता येतं, भीती बंद होत नाही. मग तो पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो, आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला. दुसरी, हाड बंद. शिजवलेलं हाड तसंही फुटून आतड्यात टोचतं, त्यामुळे यात त्याचं काही नुकसान नाही. तिसरी, बोंबील जेवत असताना मोरीच्या बाजूला लाकडी फळी आडवी. पुतणीला एवढंच शिकवलं की बोंबील जेवतोय तोवर फळीच्या आत जायचं नाही. पाच वर्षांच्या मुलीला हे कळतं. मोठ्यांनाच कळत नाही, पाहुणे आले की कुणीतरी 'बघू काय करतो' म्हणून ताटली ओढतोच. ताटली ओढून कुत्र्याची परीक्षा घेऊ नका. तुम्ही जेवताना कुणी रोज ताट ओढलं तर तुम्ही काय कराल?

चौथी गोष्ट सावकाशीची. तो भाकरी खात असताना मी पाच-सहा पावलांवरून जायची आणि जाता जाता उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा त्याच्या बाजूला टाकायची. थांबायचं नाही, बोलायचं नाही, वाकायचं नाही. पुढच्या आठवड्यात एक पाऊल जवळून. तो खाणं थांबवून ताठ झाला, तर परत लांबून. दीड महिना लागला. आता कुणी जवळून गेलं की तो अंग आवळत नाही, वर बघतो, काही पडतंय का म्हणून. हे सगळं मोठ्यांनी करायचं, मुलांनी नाही. आणि कुत्रा खरोखर चावत असेल तर यूट्यूब बघून करू नका, माझा पॉडकास्ट ऐकूनही करू नका. जाणकार डॉक्टरला घरी बोलवा.

चावलाच कुठला कुत्रा, घरचा असो की गल्लीतला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची, हळद-मिरची काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. आपल्या कुत्र्याची रेबीजची लस दरवर्षी. बोंबलाचं कार्ड फ्रिजच्या दाराला लावलंय, वहिनीनंच लावलंय.

आणि ते हायवेवर सोडून येणं. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेनं हाल होतील अशा ठिकाणी सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायद्याचं सोडा. मनोरच्या हायवेवर सोडलेला कुत्रा काय करतो माहितेय? ज्या जागी गाडीतून उतरवलं, तिथेच बसून राहतो. जो बसून राहिला नाही, तो गाडीखाली येतो.

बोंबील अजून मोरीतच जेवतो. फळी आहे. पुतणी फळीच्या बाहेर पाटावर बसून तिची पोळी खाते आणि त्याला सांगते, सावकाश खा, ठसका लागेल. मागच्या महिन्यात तिनं वहिनीला विचारलं, माझंपण ताट मोरीत घे ना. वहिनी काय म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही.

पुढच्या भागात फटाके. दिवाळीत पलंगाखाली घुसणाऱ्यांचं काय करायचं. तुमचा कुत्रा जेवताना काय करतो त्याची व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आत, आणि कधीपासून करतो ते नक्की सांगा. चला, बस आली वाटतं नाक्यावर, मला तर काही ऐकू आलं नाही.